लाकूड बोलत असेल

दार वाजते आहे हे कानांनी ऐकूनही जागचे न उठता, ‘वारा असेल’ असे आपण आपल्या मनाला कधी सांगितले आहे काय? उत्तर मला देऊ नका. ज्याला द्यायचे त्याला ते आधीच ठाऊक आहे. दिवा थोडा अलीकडे घ्या आणि ऐका.

संग्रहालयात चित्रांची निगा राखणे हे माझे काम होते. चित्र आले की त्याची प्रकृती पाहायची, रंग कुठे सुटला, कापड कुठे सैल पडले ते टिपायचे आणि त्याला जपायचे. वैद्याने रोग्याकडे पाहावे तसे आम्ही चित्राकडे पाहतो. ते सुंदर आहे की नाही, हा प्रश्न आमच्या खोलीत कोणी विचारीत नाही.

ज्यांची ही हकीकत आहे त्या गृहस्थांना सारे काकासाहेब म्हणत. घरचे सधन, मूलबाळ नाही. आयुष्यभर त्यांनी आधुनिक चित्रे जमवली. जी चित्रे पाहून शहाणी माणसे हसत, ती त्यांनी घेतली, आणि पुढे तीच माणसे मान तिरकी करून त्यांच्यापुढे उभी राहू लागली. काकासाहेबांच्या नजरेला मी नावे ठेवणार नाही. नजर ही देवाची देणगी आहे. ती देऊन तो विसरत नाही, एवढेच.

म्हातारपणी त्यांनी सगळा संग्रह आमच्या स्वाधीन करायचे ठरवले. त्यासाठी नवे दालन बांधले गेले आणि दालनाच्या दारावर त्यांचे नाव कोरले गेले. ‘माझ्या चित्रांना कायमचं घर मिळालं,’ असे ते भेटेल त्याला सांगत. बाकीची चित्रे आधीच आमच्या तळघरातल्या कोठारात येऊन पोचली होती. राहिले होते ते सर्वांत मोठे. त्याच्यासाठी त्यांची एक अट होती. त्याची पेटी उद्घाटनाच्या दिवशी, पाहुण्यांच्या समोर आणि त्यांच्याच हातांनी उघडायची.

ते आणायला मी आणि आमचा मुकादम त्यांच्या घरी गेलो. मुकादमाचा जन्म चित्रे बांधण्यात गेला होता. त्याच्या हातून कधी काच तडकली नाही आणि त्याची जीभ कधी थांबली नाही.

चित्र माणसाहून उंच होते. सगळा राखाडी काळोख, एकावर एक चढवलेल्या थरांचा. उजव्या कडेपाशी वरपासून खालपर्यंत एकच पांढरी रेघ, बारीक आणि विलक्षण उजळ.

“बाई, याची सुलटी बाजू कोणती, हे कसं ओळखायचं?” मुकादमाने हळूच विचारले.

“मालक सांगतील ती.”

“म्हणजे आमच्या जावयासारखं. सासरा म्हणेल ती सुलटी बाजू.”

मी हसले नाही, कारण मी त्याच वेळी भिंग लावून ओघळ पाहत होते. ओला रंग ओघळतो तो खाली. या चित्रातले सगळे ओघळ आडवे होते, त्या रेघेच्या दिशेने. आणि रेघेच्या मध्यावर दोन काळपट डाग होते, एकाखाली एक, थोडे अंतर ठेवून. तेवढीच जागा रेघ तुटली होती. बुरशी म्हणावी तर बुरशी नव्हे. मी त्यांचा फोटो काढून ठेवला.

“काकासाहेब, हे चित्र आडवं तर नसेल?”

“पंचवीस लेख छापून आलेत या चित्रावर,” ते म्हणाले. “ती रेघ म्हणजे वर जाणारा आत्मा आहे. तुम्ही बुरशी बघा, आत्मा आमच्याकडे सोडा.”

बोलताना त्यांनी हात हलवला तशी त्यांच्या बोटातली अंगठी चमकली. मोठ्या चौकोनी खड्याची, जड अंगठी.

चित्र बाहेर काढायची वाट मागच्या एका खोलीतून होती. तिथेच राहून चित्रकाराने ते काढले होते आणि तिथेच तापाने त्याचा अंत झाला होता. एवढे सर्वांना ठाऊक होते. खोली जुनी, पोपडे आलेली. तिचे दार मात्र आतल्या अंगाने नवे दिसत होते. रंधा मारून त्यावर रंगाचे जाड थर दिले होते. त्या दाराला कडी बाहेरूनच होती. आत कडीची खूणसुद्धा नव्हती.

चित्राला आम्ही पेटीत घातले. मोठे चित्र उभे नेता येत नाही. ते लांब बाजूवर टेकवून नेतात, तसेच नेले.

आता आमच्या कामातली एक रीत सांगितली पाहिजे. पेटी नव्या जागी आली की लगेच उघडायची नाही. एका हवेतून दुसऱ्या हवेत आलेले लाकूड आणि कापड एकदम उघडे पडले, तर रंगाला भेगा जातात. म्हणून एक संबंध दिवस पेटी तशीच ठेवायची. त्या दिवसात लाकूड कुरकुरते, कधी टकटक करते. नवे लोक घाबरतात. मुकादम त्यांना सांगायचा, “लाकूड बोलतंय. पाहुणा नव्या घरी आला की आधी टेकू द्यावं, लगेच चौकशी करू नये.”

पेटी तळघरात आली तेव्हा सकाळ सरली होती. काकासाहेब मागोमाग आले. तळघराला खिडक्या नाहीत. तिथे दिवस कळत नाही आणि बाहेरचा आवाज पोचत नाही. पेटीपासून थोड्याच अंतरावर कोठाराचे दार होते, जाड आणि आपोआप मिटणारे. हवा राखण्यासाठी तसे करावे लागते. त्या दाराची आतली मूठ मी काकासाहेबांना आल्याआल्याच दाखवली होती. त्यांनी ती दाबून दार स्वतः उघडून पाहिले होते आणि म्हणाले होते, “सोपं आहे.”

दुपारी पहारेकरी एका वृद्ध बाईंना खाली घेऊन आला. पांढरे केस, हातात कापडी पिशवी. त्या चित्रकाराच्या थोरल्या बहीण होत्या. त्यांना अक्का म्हणत.

काकासाहेबांचा चेहरा पाहून मला कळले की ही त्यांची पहिली भेट नव्हे.

“मी भांडायला नाही आले,” अक्का म्हणाल्या. “माझं एकच मागणं आहे. चित्राशेजारी तुम्ही जी पाटी लावणार, तिच्यावर एक ओळ लिहा. दाराला बाहेरून कडी होती. बस. मग मी मरायला मोकळी.”

“अक्का, पुन्हा तेच?”

“पुन्हा तेच. खरी गोष्ट एकदाच घडते, म्हणून पुन्हा पुन्हा सांगावी लागते.”

“तुमचा भाऊ बाहेर पडला की आठ-आठ दिवस परत येत नसे,” काकासाहेब म्हणाले. त्यांचा स्वर चढला नाही. समजूत घालावी तसे ते बोलत होते. “पन्नास चित्रं अर्धी टाकली त्यानं. मी कडी लावली म्हणून हे एक पुरं झालं. आज जग ते बघायला येणार आहे. तुम्हाला भाऊ हवा होता, मला चित्र हवं होतं. टिकलं काय, ते बघा.”

“ताप आला होता त्याला.”

“मला कुठं ठाऊक होतं?”

“दार वाजवत होता तो. मी तुमच्या दिवाणखान्यात बसले होते, त्याच्यासाठी कपडे घेऊन. मला ऐकू आलं. मी विचारलं, हे काय वाजतंय? तुम्ही म्हणालात, चौकट ठोकत असेल. कामात आहे, नंतर या.” अक्कांनी पिशवी छातीशी धरली. “चित्रकाराची बहीण मी. चौकटीला खुंट्या ठोकताना मी त्याला लहानपणापासून ऐकलेलं. मला पटलं. मी उठून गेले.”



आणि तेवढ्यात पेटी वाजली.

टक, टक. मग थोडे थांबून, टक.

पहिले ठोके पडले तेव्हा काकासाहेब आमच्या समोर उभे होते आणि त्यांचे दोन्ही हात काठीवर होते. हे मी देवाला स्मरून सांगते. पुढचे ऐकताना हे विसरू नका.

मुकादम सवयीने म्हणाला, “काही नाही, लाकूड बोलत असेल.” पण ‘असेल’ तो कधी म्हणत नसे.

टक, टक. टक.

“असंच,” अक्का म्हणाल्या. “अगदी असंच...”

काकासाहेबांच्या ओठांवरचा रंग उतरला. क्षणभर मला वाटले, हा माणूस आता बोलेल. ती एक ओळ त्यांच्या जिभेवर आली होती. देव प्रत्येकाला एक दार उघडे ठेवून देतो. त्यांना ते त्या घटकेला दिले होते.

“या बाईंना वाटेला लावा,” ते म्हणाले. “मी आत माझ्या चित्रांपाशी बसतो. ही पेटी उद्याशिवाय उघडायची नाही. वाजो नाहीतर गाणं म्हणो.”

ते कोठारात गेले. दार त्यांच्यामागे सावकाश मिटले.

अक्का मात्र गेल्या नाहीत, आणि त्यांना घालवण्याचा धीर मला झाला नाही. त्यांना मी खुर्ची दिली. मुकादम दोऱ्या गुंडाळू लागला. बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग वास आला. प्रथम पुसट, मग स्पष्ट. जवसाच्या तेलाचा, ओल्या रंगाचा वास. ते चित्र वाळून एक पिढी उलटली होती. आणि त्या वासाखाली दुसरा, आजाऱ्याच्या अंथरुणाला येतो तसा आंबूस...

ठोके पुन्हा सुरू झाले. आता त्यांत थांबा नव्हता. प्रथम बोटांच्या सांध्यांनी वाजवावे तसे, मग मुठीने. पेटीची फळी थरथरताना मी डोळ्यांनी पाहिली.

“बाई,” मुकादम कुजबुजला, “लाकूड असं बोलत नाही.”

“माहीत आहे.”

“उघडू?”

नियम माझ्यासमोर उभा होता. नियम चांगलाच होता. त्याने अनेक चित्रे वाचवली होती. पण नियम चित्रासाठी आहे, आणि ठोठावणे चित्राचे काम नाही. आत कोणी असूच शकत नव्हते, कारण पेटी मी स्वतः बंद केलेली. तरीही ज्याने दार वाजते ते ऐकले, त्याने उघडून पाहावे, हा नियम त्याहून जुना आहे.

“उघड,” मी म्हणाले.

मुकादम एकेक स्क्रू काढू लागला. प्रत्येक स्क्रूसरशी आतले ठोके वाढत गेले. सैरावैरा, वर, खाली, जणू आतल्याला दाराची जागाच सापडत नव्हती. अक्का तोंडाला पदर लावून एकच गोष्ट म्हणत होत्या, “आले रे बाळा, आले...” मी फळीला तळहात लावला तर ती गरम लागली. अखेरच्या स्क्रूला हत्यार लागले आणि सगळे थांबले. हळूहळू नव्हे, एकदम. श्वास थांबावा तसे.

आम्ही झाकण उतरवले.

आत चित्र होते, आणि दुसरे काही नव्हते.

पण ते लांब बाजूवर टेकलेले होते, म्हणजे आडवे होते. काकासाहेबांच्या भिंतीवर जी रेघ उभी दिसे, ती आता अगदी खाली, तळाशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली होती. सगळे ओघळ तिच्याकडे सरळ उतरत होते. वर सगळा काळोख. खाली उजेडाची एक चीर.

“हे दार आहे,” अक्का म्हणाल्या. “आतून दिसतं तसं. खोलीत अंधार, आणि दाराखालून येणारा उजेड. एवढंच दिसत होतं त्याला. एवढंच काढलं त्यानं.”

मी चित्राची प्रकृती पाहू लागले. दुसरे काही सुचेना तेव्हा हात आपले काम करतात. रंग कुठे सुटला नव्हता. मग मी ते दोन डाग शोधले. ते नव्हते. रेघ अखंड होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ. मी मोबाइलमधला आधीचा फोटो उघडला. त्यात डाग होते. मी तो अक्कांपुढे धरला आणि विचारले, “असे डाग तुम्हाला कधी दिसले होते का?”

अक्कांनी मोबाइल हातात घेतला आणि आडवा केला.

आडवा केल्यावर मलाही दिसले. दाराखालच्या उजेडात, मधोमध, शेजारी शेजारी, दोन काळ्या आकृत्या.

“पाय,” अक्का म्हणाल्या. “कोणीतरी बाहेर उभं आहे. आतला दार वाजवतोय आणि बाहेरचा ऐकत उभा आहे.” मग त्या म्हणाल्या, “मला म्हणाले, ठाऊक नव्हतं.”

आता मला कळले की ते चित्र आयुष्यभर उभे का टांगले होते.

मुकादम एवढा वेळ झाकणाकडे पाहत होता. “बाई, हे बघा.” झाकणाला आतून मऊ अस्तर लावलेले असते, चित्राला धक्का बसू नये म्हणून. ते फाटले होते आणि खालच्या लाकडावर खड्डे पडले होते. खूप खड्डे. जिथे अस्तर पुरते गेले होते तिथे त्यांचा आकार स्पष्ट होता. लहान आणि चौकोनी.

तेवढ्यात जिन्यावरून काकासाहेबांचा ड्रायव्हर खाली आला. “साहेब निघतात का? गाडी केव्हाची लावलीय. फोन उचलत नाहीत.”

आम्ही सर्वांनी एकाच वेळी कोठाराच्या दाराकडे पाहिले. ते तिथेच होते. एवढा वेळ आम्ही त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर होतो. त्या दारातून चकार आवाज आला नव्हता. मी मूठ दाबली. कुलूप नव्हते, कधीच नव्हते. दार थोडे हलले आणि आतल्या कशाला तरी अडले.

ते दाराला टेकून खाली बसले होते. दोन्ही हातांच्या बोटांची सालपटे निघाली होती. अंगठीचा खडा मधोमध तडकला होता. दाराच्या मुठीच्या अगदी खाली, हात वर केला असता तर लागेल अशा जागी, त्यांचे डोके होते. मी ती मूठ आतून दाबून पाहिली. ती सहज वळली. दाराच्या आतल्या बाजूला रक्ताचा ठिपका नव्हता, साधा ओरखडाही नव्हता.

डॉक्टर आले. हृदय बंद पडले, म्हणाले. वयही झाले होते. बोटांविषयी त्यांनी मला विचारले तेव्हा मी त्यांना पेटीचे झाकण दाखवले. त्यांनी ते पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि आपली बॅग बंद केली.

दालन ठरल्या दिवशी उघडले. दारावर काकासाहेबांचे नाव आहे. दिलेले दान खरे होते, ते आम्ही पुसले नाही. चित्र आडवे लावले आहे. शेजारच्या पाटीवर अक्कांची ती एक ओळ आहे, तिच्यात एक शब्दही जास्त नाही. अक्का ती वाचायला आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. त्यांनी डोळे मिटून हात जोडले आणि निघताना मला विचारले, “त्याच्यासाठी प्रार्थना केली तर पोचेल का हो?” कोणासाठी, ते मी विचारले नाही. भावासाठी त्यांनी केलेली प्रार्थना केव्हाच पोचली असणार.

चित्र अजून वाजते. भर दिवसा, दालनात माणसे असताना. टक, टक. मग थोडे थांबून, टक. नवा पहारेकरी असला की म्हणतो, लाकूड असेल. आम्ही तसे म्हणत नाही. वाजले की आमच्यापैकी कोणीतरी जातो, चित्र भिंतीवरून उतरवतो, मागे पाहतो, चौकट सोडवून पाहतो. आम्ही प्रत्येक वेळी उघडतो. त्याचा उपयोग होत नाही. आमच्या हातांनी उघडेल असे ते दार नव्हे.

त्या चित्रकाराच्या दाराबाहेर कोणीतरी उभे होते. पापी असेल, पण उभे होते, ऐकत होते. केव्हातरी हात वर करून कडी काढील, एवढी आशा त्या दोन पायांच्या सावलीत होती. मी रोज सकाळी भिंग लावून ती रेघ पाहते. ती अखंड आहे. ज्याने आयुष्यभर आपल्या चित्रांसाठी कायमचे घर शोधले, तो आता तिथे राहतो आणि वाजवतो, आणि दाराबाहेर कोणीही उभे नाही.